हजार शब्दांत एक अन्याय: निबंध लिहिणाऱ्या मुलांसाठी

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं हायस्कूलला गेली की शिष्यवृत्त्यांच्या याद्या चाळणं सुरू होतं. त्यात 'रेशियल जस्टिस एसे कॉन्टेस्ट' हे नाव दिसलं तर थांबून नीट वाचा. वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली अलाबामातल्या माँटगोमेरीची इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह ही स्पर्धा घेते. ती देशभर एकाच वेळी नसते. ज्या काउंटीत स्थानिक गट या संस्थेबरोबर लिंचिंगमध्ये मारल्या गेलेल्यांचा स्मृतिफलक उभारतो, तिथल्या पब्लिक हायस्कूलच्या नववी ते बारावीच्या मुलांसाठी ती असते. तेव्हा आधी आपली काउंटी तपासा.

निबंध साधारण ८०० ते १००० शब्दांचा. वांशिक अन्यायाची एक ऐतिहासिक घटना घ्यायची आणि तिचे परिणाम आजपर्यंत कसे पोचले ते दाखवायचं. 'गुलामगिरी' किंवा 'वर्णद्वेष' हा एवढ्या जागेत मावणारा विषयच नाही.

फुल्टन काउंटीचं उदाहरण घेऊ, अटलांटात आपली माणसं बरीच आहेत म्हणून. सप्टेंबर १९०६ मध्ये तिथे गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांचं हत्याकांड केलं. अख्खं शहर कवेत घ्यायला गेलात तर विश्वकोशातली नोंद तयार होईल. त्याऐवजी ब्राउन्सव्हिल ही एकच वस्ती घ्या. स्वसंरक्षणासाठी जमलेल्या तिथल्या कृष्णवर्णीयांवर २४ सप्टेंबरला पोलिसांनी छापा घातला, गोळीबारात एक पोलीस मेला, मग मिलिशिया आली आणि अडीचशेहून अधिक पुरुषांना पकडून नेलं. मार खाणारेच कोठडीत! एवढ्याला साडेतीनशे शब्द पुरे.

पुढचा भाग अवघड, आणि बहुतेक निबंध तिथेच आपटतात. 'आजही भेदभाव आहे' असं लिहून मुलं शंभर वर्षं ओलांडतात. मधल्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत. १९०६ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरपदाच्या शर्यतीत होक स्मिथ आणि क्लार्क हॉवेल होते. हॉवेल अटलांटाच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या वर्तमानपत्राचे संपादक, स्मिथ तिथल्याच 'जर्नल'चे माजी प्रकाशक. कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यावरून दोघांची चढाओढ, आणि त्याच वेळी शहरातली वर्तमानपत्रं गोऱ्या स्त्रियांवरच्या हल्ल्यांच्या बिनबुडाच्या बातम्या छापत होती. स्मिथ जिंकले. १९०८ मध्ये जॉर्जियाच्या घटनेत दुरुस्ती होऊन मतदानाला साक्षरता आणि मालमत्तेच्या अटी आल्या. तिथून १९६५ चा मतदान हक्क कायदा, आणि मग २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा शेल्बी काउंटी निकाल. मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वमंजुरी कोणत्या राज्यांना लागेल हे ठरवणारं त्या कायद्यातलं कलमच या निकालाने रद्द केलं. आता तुमच्या काउंटीतल्या मतदानाबद्दल बोलायला जागा झाली.

पुराव्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह फुकट आहे. जुनी छपाई संगणकाला धड वाचता येत नाही, त्यामुळे माणसाचं नाव टाकून काही सापडलं नाही तरी बातमी नसेलच असं नाही. गावाचं नाव, शेरीफचं आडनाव, तारीख असं फिरवून शोधा. जनगणनेत कुटुंब शोधत असाल तर १८९० वर वेळ घालवू नका, ते कागद बहुतांश आगीत गेले.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे त्या काळच्या गोऱ्या वर्तमानपत्रांची भाषा उचलणं. त्यांत मारला गेलेला माणूस 'गुन्हेगार' असतो, खटला झालेला नसला तरी. आपण 'आरोप होता' असंच लिहायचं. शेकडो लोकांदेखत झालेल्या लिंचिंगनंतरही चौकशीत 'अज्ञात व्यक्तींच्या हातून मृत्यू' अशी नोंद होई. ती सापडली तर जशीच्या तशी उद्धृत करा, दहा विशेषणांचं काम ती एकटी करते. तुलनेसाठी त्याच संग्रहातलं 'रिचमंड प्लॅनेट' हे कृष्णवर्णीयांचं वर्तमानपत्र वाचा.

मराठी मुलांना जातीचा संदर्भ आणायचा मोह होतो. दुवा खरा आहे: १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यूबॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. पण स्वतःच्या घरात जात कशी पाळली गेली याबद्दल मौन बाळगून केलेली तुलना पोकळ वाजते. ते लिहायची तयारी असेल तर चार वाक्यं द्या. नसेल तर तो परिच्छेद गाळा आणि ते शब्द काउंटीला द्या.