सावित्रीच्या काठाने वर

माझं माहेर वेसवीचं. बाणकोट खाडीच्या दक्षिण काठावर वेसवी, समोर बागमांडला, आणि जरा पश्चिमेला सरकलं की हरिहरेश्वराचा डोंगर आणि समुद्र. नकाशात हिला सावित्री नदी म्हणतात हे मला शाळेत गेल्यावर कळलं. घरात सगळे खाडीच म्हणायचे.

आजोबा मचव्यावर, म्हणजे मालाच्या होडीवर होते. मीठ, कौलं, सुकी मासळी भरून भरतीबरोबर दासगाव-महाडपर्यंत जायचं आणि घाटावरून उतरलेलं धान्य, गूळ घेऊन ओहोटीला परतायचं, हा त्यांचा धंदा. ते सांगायचे, "मीठ महाडला उतरलं की बैलाच्या पाठीवर बसून डोंगर चढतं." मीठ डोंगर चढतं हे ऐकून मी तेव्हा हरखून जायचे. ती वाट एकदा आपल्या पायांनी चढायची, हे मनात तेव्हापासून होतं. मला आता अठ्ठेचाळीसावं चालू आहे. गेल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी निघाले. सोबत भावाचा मुलगा, वीस वर्षांचा.

ट्रेक मी बारा वर्षं करते आहे. पण ते कसे, तर रात्री जीपमध्ये बसायचं, पहाटे पायथ्याच्या गावात उतरायचं, चहा घ्यायचा आणि कड्याकडे बघून चालायला लागायचं. कडा किती उंच ते आकड्यात माहीत असतं, अंगाला कळलेलं नसतं. आपण कोकणातली माणसं. आपल्या दाराशी समुद्र आहे, म्हणजे सह्याद्रीची उंची जिथून मोजतात ती जागा आपल्याच दाराशी आहे. मग डोंगर तिथूनच का चढू नये? मला हे फार वाटतं, म्हणून लिहिते आहे.

वाट ठरवली ती अशी. वेसवीहून खाडीच्या काठाने म्हाप्रळ. आंबेतचा पूल ओलांडून टोळ, दासगाव. मग महाड, पोलादपूर, तिथून कापडे-उमरठवरून ढवळे गाव, आणि ढवळे घाटाने चढून महाबळेश्वरचा मढीमहाल, ज्याला सगळे आर्थर सीट म्हणतात. शेवट क्षेत्र महाबळेश्वरला, पंचगंगेच्या देवळात, जिथे कृष्णा, कोयना, वेण्णा आणि गायत्रीबरोबर सावित्रीचाही उगम मानतात.

निघाले त्या दिवशी प्रतिपदा. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ-पंचांगाची एवढीच सांगड असते: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रतिपदेला पाऊण. भाचा मुंबईत वाढलेला, त्याला हे ठाऊक नव्हतं. सकाळी सातला आम्ही पाठीला पिशव्या लावल्या तेव्हा नुकतीच ओहोटी संपून पाणी वळलं होतं. तिवरांच्या मुळांत चिखल उघडा पडलेला, त्यावर निवट्या उड्या मारत होत्या. आणि मग पाणी आमच्याच दिशेने, आमच्याच चालीने वर निघालं. शिपोळ्यापर्यंत भरती शेजारून चालत होती म्हणा ना. आजोबांचा मचवा ह्याच पाण्यावर बसून जायचा. वेसवीला भरती पाऊणला पूर्ण, पण म्हाप्रळला ती उशिरा पोचते. पाणी आत शिरायलाही वेळ लागतोच.

मी एक नेम केला होता. रोज एकदा बोट बुडवून पाणी जिभेला लावायचं. म्हाप्रळला खारट. दासगावजवळ मचूळ, म्हणजे मीठ आहे पण आता ते नदीच्या पाण्यात मोडलेलं. महाडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मी चाखलं नाही, धीर झाला नाही. पोलादपूरच्या अलीकडे परत बोट बुडवलं तर गोड.

चालायला हे दिवस मला सगळ्यात आवडतात, आणि तक्रारही ह्याच दिवसांची आहे. दसऱ्यानंतरचं ऊन कोकणात अंगाला चिकटतं. अकरा ते तीन आम्ही चाललोच नाही, देवळाच्या पडवीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात पडून राहिलो. गवत कमरेएवढं, त्याची कुसळं मोज्यांत अशी घुसतात की रात्री बसून एकेक उपटावं लागतं. पण जळवा संपलेल्या असतात, प्रत्येक ओहोळाला पाणी असतं, आणि शेतं भरलेली असतात. हेच मार्चमध्ये करायचं तर पाणी पाठीवर वाहून न्यावं लागेल.

महाड ते पोलादपूर मी भरभर उरकते, कारण चाललोही तसेच. हायवे, धूळ, ट्रक. फक्त सावित्रीच्या पुलावर थांबलो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं गेली. पुढचे कित्येक दिवस शोध चालला होता, तो थेट आमच्या खाडीच्या मुखापर्यंत. आई तेव्हा रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन हात जोडून यायची. पुलावरून खाली बघताना भाच्याला मी ते सांगितलं. तो काही बोलला नाही, कठड्याला हात लावून उभा राहिला.

ह्याच दिवशी माझ्या पिशवीचा पट्टा सुटला.

मी शिवणकाम करते. दापोलीत माझं दुकान आहे, शाळेची दप्तरं तर हजारांनी शिवली असतील. ही पाठपिशवी मात्र विकत घेतलेली, आणि स्वस्तातली नव्हती. खांद्याचा पट्टा वरच्या बाजूला पाठीच्या कापडाला जिथे जोडतात, तिथे सगळा भार येतो. तिथे पट्टा चांगला दोन बोटं आत घेऊन, चारी बाजूंनी चौकोन आणि चौकोनाच्या आत फुली, अशी शिलाई घालायची असते. साध्या दप्तरालाही आम्ही ती घालतो. हिला एक आडवी शिलाई मारून सोडून दिलेलं. नऊ किलो वजन, तीन दिवसांची चाल, दोरा एका टोकाकडून उसवत आला आणि नेमका चढावर सुटला. मला खरोखर राग आला. ही वस्तू घेऊन माणूस कड्यावर जाणार आहे, हे शिवणाऱ्याला नाही तरी शिवून घेणाऱ्याला माहीत असतं.

पोलादपूरच्या एसटी थांब्यावर बसून शिवली. दाभण मी कायम बाळगते, आणि दोऱ्याऐवजी तंगूस, मासे पकडायच्या गळाचा. पावसाने कुजत नाही आणि उन्हात पटकन मरत नाही. आधी पट्ट्याचं टोक मेणबत्तीवर धरून वितळवलं म्हणजे धागे सुटायचे नाहीत. मग आतून जाड कापडाचा तुकडा लावला, कारण पाठीचं कापड भोकांनी कमजोर झालं होतं. दाभणाने आधी भोक, मग तंगूस दोन्ही बाजूंनी उलटसुलट, मोच्याचा टाका. तंगूस घसरतो, म्हणून गाठ तीनदा आणि तिचंही टोक वितळवून बोंडूक करायचं. तासभर लागला. दुसरा पट्टा धड होता, त्यालाही तशीच शिलाई घातली. थांब्यावरच्या एक आजी शेवटपर्यंत बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आता ही पिशवी तुझ्याआधी नाय मोडायची."

पोलादपूरहून पुढे सावित्रीचं मुख्य खोरं उजव्या हाताला राहतं. ते थेट कड्यांच्या पोटात शिरतं, म्हणून आम्ही तिला तिथे सोडलं आणि उमरठच्या रस्त्याला लागलो. उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं गाव, तिथे त्यांची समाधी आहे. ह्या रस्त्यावरून वर बघितलं की डोंगरांच्या अंगावर अजून लाल ओरखडे दिसतात. जुलै २०२१ च्या दरडींच्या त्या खुणा. त्या पावसाळ्यात महाड-पोलादपूर भागाने जे सोसलं ते इथल्या माणसांच्या बोलण्यात अजून दर दहा वाक्यांनी येतं.

खोपडच्या पुढे दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस. खाचरात हळवं भात कापून आडवं पसरलेलं होतं, वाळायला टाकलेलं. एक बाई आणि तिची सासू, दोघीच. आम्ही पिशव्या बांधावर टाकल्या आणि धावलो. कवळ्या दोन्ही हातांनी उचलायच्या, लोंब्या एका बाजूला ठेवायच्या, गवताच्या बंधाने आवळायच्या. माझ्या हातांना ते आठवत होतं. भाच्याने पहिल्या दोन पेंढ्या उलट्या बांधल्या, सासूबाईंनी त्या सोडवून त्याच्या हातात परत दिल्या. तिसरी जमली. पाऊस कोसळला तेव्हा शेवटचे चार भारे आमच्या डोक्यांवर होते. मानेत लोंब्यांची खरखर, वरून पाणी, आणि ओल्या पेंढ्याचा तो वास. त्यांच्या पडवीत उभे राहून आम्ही चौघंही धापा टाकत होतो. भात वाचलं होतं, सगळं नाही, पण बरंचसं. कोपऱ्यात दोन वैभव विळे टांगलेले दिसले. हा दातेरी विळा आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. इतक्या आत तो बघून फार बरं वाटलं.

पाऊस थांबल्यावर निघणार, तर सासूबाईंनी चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. मी पिशवीतून पुडी काढली. आईने बांधून दिलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणि किलोभर खडेमीठ, त्याच वाटेने वर न्यायचं म्हणून मुद्दाम आणलेलं. त्यांनी पुडी उघडून नाकाशी धरली.

"खाडीतले का समुद्रातले?"

"खाडीतले. वेसवीचे."

"तरीच. माझा सासरा सांगायचा, मीठ खालनं यायचं म्हणून." मिठाचा एक खडा त्यांनी तिथल्या तिथे तोंडात टाकला. मला आजोबा आठवले आणि बोलता येईना.

त्या रात्री ढवळ्याला मुक्काम. तिथूनच वाटाड्या घेतला, आणि ज्यांना जायचं असेल त्यांना कळकळीने सांगते, ह्या दिवसांत वाटाड्याशिवाय ढवळे घाटात शिरू नका. पावसाळाभर वाट वापरात नसते, रान माजलेलं असतं आणि जंगलात वाट हरवली की खोरं कुठलं हेच कळत नाही. पहाटे पाचला निघालो. चंद्रगडाकडे वाट फुटते तिथे थांबलो, पण गड ठेवून दिला. जावळीच्या मोऱ्यांचा हा गड स्वतंत्र दिवस देऊन बघण्यासारखा आहे.

जोरच्या खिंडीपर्यंत दाट रान. पायाखाली काळा कातळ, ओला, शेवाळलेला. बहिरीच्या घुमटीपाशी पाणी भरून घेतलं, वाटाड्याने देवापुढे नारळ ठेवला. तिथून पुढची चढण छातीवरची. एकदोन ठिकाणी कातळाला हात लावून चढावं लागतं, तिथे मी एकही शब्द बोलले नाही. नव्या शिलाईवरचा तंगूस मात्र दर पावलाला करकरत होता आणि मला तो आवाज हवा होता.

आणि वर, कड्याच्या माथ्याजवळ, दगड बदलला. काळा जाऊन तांबडा, भोकाभोकांचा. जांभा! आमच्या वेसवीच्या घराच्या भिंती ह्याच दगडाच्या, चिऱ्यांच्या. समुद्रकाठी जांभा, मध्ये हजारभर मीटर काळा कातळ, आणि महाबळेश्वरच्या पठाराची टोपी पुन्हा जांभ्याची. हे मी वाचलं होतं. पण पाच दिवस चालून, घामेजलेल्या तळहाताला घरच्या भिंतीचा खरखरीतपणा लागला तेव्हा मी तिथेच बसले आणि दगडावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले.

मढीमहालाच्या कठड्याशी पावणेचार वाजता पोचलो. सोनकी अजून फुललेली होती, सगळा उतार पिवळा. सुमारे १,३५० मीटर खाली, पाच दिवस मागे आमचं घर. पश्चिमेला सगळं धुरकट, समुद्र दिसला नाही. पण पोलादपूरला सोडलेलं सावित्रीचं खोरं पुन्हा भेटलं, सरळ पायाखाली. एवढ्या उंचीवरून ती चांदीच्या दोऱ्याएवढीही नव्हती.

क्षेत्र महाबळेश्वर तिथून सहा-सात किलोमीटर. अंधारात पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता देवळात गेलो. गोमुखातून पाणी पडत होतं, मनगटाएवढी धार. मी ओंजळ धरली, प्यायले. थंड, गोड. भाच्यानेही धरली. पण तो प्यायला नाही, ओंजळीकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होता.

"आत्या, आज षष्ठी ना? सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे भरती होऊन गेली. वेसवीला आत्ता पाणी उतरत असणार."

मी आईला फोन लावला. ती जेटीवरच होती.

"उतरतंय गो," आई म्हणाली. "बोटी निघाल्या."