जांभ्याच्या घराची नोंद, भाग ७: लाल रेघ, साडेतीन इंचांचा बुडबुडा आणि पडवीखालचा पाइप

मंडळी, मागची नोंद दिवाळीत लिहिली होती. तेव्हा कौलं चढली होती, आतला गिलावा अर्धा झाला होता आणि मी म्हटलं होतं की फेब्रुवारीत लादी बसेल. फेब्रुवारी संपत आला, लादीची खोकी अजून माजघरात रचून ठेवलेली आहेत. उशीर झाला तो योग्य कारणासाठी झाला, आणि ते कारण सविस्तर लिहितो. तुमच्यापैकी जे जोत्यापर्यंत आले आहेत त्यांना याचा आत्ताच उपयोग होईल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, कातळावर घर. भिंती जांभ्याच्या, छप्पर मंगलोरी कौलांचं, पुढे पडवी. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे शनिवार-रविवार आणि सुट्ट्या एवढाच वेळ. गवंडीकाका आणि त्यांचा मुलगा नेहमीचे, बाकी कारागीर लागतील तसे.

लादी लावायच्या आधी घरभर एक रेघ मारायची, हे गवंडीकाकांचं ठाम मत. "मास्तर, आधी रेघ, मग बाकी सगळं." लेव्हलची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ओटीपासून सुरुवात केली आणि तयार लादी जिथे येणार तिथून बरोबर तीन फूट वर प्रत्येक खोलीत, प्रत्येक दाराच्या बाजूला लाल रंगाने रेघ ओढली. आता दाराचा उंबरा असो, स्वयंपाकाचा ओटा असो की न्हाणीघराची लादी, सगळी मापं त्या रेघेपासून खाली किंवा वर मोजायची. मी ही रेघ गिलाव्याच्या आधीच मारायला हवी होती. तेव्हा प्रत्येक खोलीत जमिनीपासून मोजत गेलो आणि जमीन कच्ची, वर-खाली. त्यामुळे दोन खोल्यांतले विजेचे डबे एकमेकांशी पाऊण इंचाने जुळत नाहीत. ते आता तसेच राहतील.

रेघ मारून झाल्यावर सहज म्हणून तीच नळी बाहेर सेप्टिक टँकपर्यंत नेली. तिथेच सगळं थांबलं.

आमचा टँक गेल्या मे महिन्यात झाला. खाली कातळ इतका कठीण लागला की ब्रेकरवाल्याने ठरलेल्या खोलीच्या आधीच हात टेकले, आणि पाऊस तोंडावर असल्यामुळे आम्हीही "चालेल" म्हणालो. वर स्लॅब टाकून मोकळे झालो. टँकमध्ये पाइप शिरतो ते तोंड किती उंचीवर आलं, हे त्या घाईत कोणी मोजलं नाही. मीही नाही.

संडासाचा चार इंची पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथे त्याचा तळ लाल रेघेपासून चार फूट चार इंच खाली. पहिल्या मोजणीत टँकच्या तोंडाचा तळ आला पाच फूट अडीच इंच. म्हणजे उतार मिळतो साडेदहा इंचांचा. प्लंबरच्या नकाशाप्रमाणे पाइप घराच्या मागून वळसा घालून जाणार, लांबी बावन्न फूट. चार इंची पाइपला साठ फुटांत एक फूट उतार धरला तर बावन्न फुटांना दहा इंचांहून किंचित जास्त लागतो. जेमतेम बसत होतं. आम्ही खूश झालो.

नळी गुंडाळताना गवंडीकाकांच्या मुलाने दोन्ही टोकं सवयीने एकत्र धरली आणि तो म्हणाला, "बाबा, पाणी सारखं नाही." दोन्ही टोकं शेजारी-शेजारी असताना दोन्हींतलं पाणी एकाच उंचीवर हवं. इथे साडेतीन इंचांचा फरक! नळी उजेडात धरून पाहिली. टँककडच्या बाजूला, उभ्या भागात, साडेतीन इंच लांबीचा एक सलग बुडबुडा अडकलेला होता. हवेला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्या बाजूचा पाण्याचा स्तंभ तेवढाच वर चढून दिसतो. आम्ही त्या चुकीच्या पातळीपासून खाली मोजलं होतं. खरा उतार होता फक्त सात इंच.

ही गोष्ट मला फार लागली, कारण नळी मी स्वतः भरली होती, घाईघाईने, बादलीत टोक बुडवून तोंडाने ओढून. आता भरायची पद्धत बदलली आहे. बादली उंचावर ठेवायची, पाणी सावकाश उतरू द्यायचं, नळी जमिनीवर सरळ पसरून टिचक्या मारत बुडबुडे बाहेर काढायचे, पाण्यात चिमूटभर नीळ घालायची म्हणजे पातळी स्पष्ट दिसते. आणि मोजायच्या आधी दोन्ही टोकं एकत्र धरून पाहायची, मोजून झाल्यावर पुन्हा एकदा धरून पाहायची. भर उन्हात नळीचा अर्धा भाग तापलेला आणि अर्धा सावलीत असेल तरी थोडा फरक पडतो, म्हणून आम्ही आता सकाळी आठच्या आत मोजतो.

सात इंचांत काय बसतं? बावन्न फूट तर नाहीच. प्लंबर म्हणाला, उतार कमी करून टाकू, पाणी काय, जाईल. पाणी जातं, हे खरं. पण पाण्याबरोबर घन वाहून न्यायचं असेल तर पाण्याला वेग लागतो. उतार कमी पडला की पाणी पुढे निघून जातं आणि बाकीचं मागे राहून साचतं. सहा महिन्यांत कळत नाही, दोन वर्षांनी कळतं, आणि तोवर वर अंगण झालेलं असतं. दुसरा उपाय, संडासाची जमीन चार इंच उचलायची. घरात आई पंचाहत्तरीची आहे. संडासात जायला पायरी मला नको होती. तिसरा उपाय टँक फोडायचा. त्याचा हिशेबही केला नाही.

मग दोरी घेऊन सरळ रेषेत मोजलं: संडासाच्या भिंतीपासून, पडवीच्या टोकाखालून, थेट टँकपर्यंत. चौतीस फूट. चौतीस फुटांना साठात एक या हिशेबाने लागतात ६.८ इंच. आपल्याकडे सात. बसलं! अडचण एकच, पडवीचं जोतं मध्ये येतं.

जोतं फोडायचं म्हटल्यावर गवंडीकाका दोन मिनिटं काही बोलले नाहीत. ते जोतं त्यांनी स्वतः रचलेलं, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) इतक्या सरळ भरलेल्या की लोक थांबून बघतात. पण नंतर छिन्नी घेऊन तेच बसले. दोन चिरे, म्हणजे जांभ्याचे कापीव दगड, सांध्यातून मोकळे करायला पूर्ण सकाळ गेली, आणि दोन्ही अखंड निघाले. आतल्या बाजूला चुन्यासारखा पांढरा थर नव्हता, मातीचं एक भोक नव्हतं. खाणीवर चिरा निवडताना तासभर उन्हात उभे राहून हातोडीने ठोकून आवाज ऐकला होता, त्याचं चीज झालं. (ज्यांना इतिहासात रस आहे त्यांच्यासाठी: या दगडाला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस ब्युकानन यांनी १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमचा दगड बघून दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. ताजा असताना कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होतो, म्हणून विटेसारखा वापरतात. आपले लोक अर्थात त्याच्या कितीतरी आधीपासून यात घरं बांधत होते.)

त्या भोकात आधी सहा इंची पाइपचा तुकडा आडवा बसवला, वर काँक्रीटची छोटी पट्टी टाकली आणि चार इंची पाइप त्या सहा इंचीच्या पोटातून नेला. पुढेमागे जोतं केसभर बसलं तरी भार आतल्या पाइपवर यायला नको. पडवीखालून जाणारा भाग नऊ फूट आहे, तिथे सांधा येऊ दिला नाही, एकाच अखंड पाइपचा तुकडा वापरला. मध्ये वळण कुठेच नाही. सुरुवातीला झाकण उघडता येईल असा बेंड आणि पडवीच्या पलीकडे लगेच चेंबर, म्हणजे कधी तुंबलंच तर दोन्ही बाजूंनी सळई घालता येईल.

उतार तपासायला एक साधी पट्टी केली, ती नक्की करा. पाच फूट लांबीची सरळ फळी घ्यायची, एका टोकाखाली बरोबर एक इंच जाडीचा ठोकळा ठोकायचा. पाच फूट म्हणजे साठ इंच. ठोकळ्याचं टोक उताराच्या खालच्या बाजूला ठेवून फळी पाइपवर धरायची आणि वर स्पिरिट लेव्हल ठेवायची. बुडबुडा मध्यभागी आला की उतार साठात एक. आम्ही दर पाच फुटांवर पाहिलं, दोन ठिकाणी कातळाचा उंचवटा पाइपला खालून टेकत होता तो छिन्नीने काढला आणि पूर्ण लांबीला वाळूची गादी केली.

मग चेंबरकडचं तोंड बंद करून पाइप पाण्याने भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पातळी जिथे खूण केली होती तिथेच. तोंड उघडलं, संडासात नीळ घातलेलं एक बादली पाणी ओतलं आणि मी चेंबरवर वाकून बसलो. आधी आवाज आला, मग निळं पाणी आलं, पाइपच्या तळाला धरून, एका धारेत. गवंडीकाकांनी मान हलवली आणि विडी पेटवली.

आता न्हाणीघर. पाच बाय आठ, नहाणी ट्रॅप (जिथून सांडपाणी खाली जातं ती जाळी) लांबच्या कोपऱ्यात. आठ फुटांना सव्वा इंच उतार ठरवला आहे आणि दारापाशी बाहेरच्या लादीपेक्षा एक इंच खाली. दुकानदाराने दोन बाय दोनची लादी गळ्यात मारायचा प्रयत्न केला. एवढ्या मोठ्या लादीला दोन दिशांनी उतार देता येत नाही, ती तिरकी कापावी लागते किंवा मग कोपऱ्यात पाणी साचतं. एक बाय एकची खरखरीत घेतली.

पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपना गिलावा लावण्याआधी हातपंपाने सहा किलोचा दाब देऊन रात्रभर ठेवला. सकाळी काटा चारवर. सगळे सांधे हाताने चाचपले, काही सापडेना. शेवटी पत्नीने प्रत्येक सांध्याभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली आणि तासाभराने गीझरच्या मागची पट्टी ओली झाली. तिथल्या एल्बोला (काटकोनी जोडाला) एका बाजूला सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा द्रव, लागलंच नव्हतं, नुसता घट्ट बसवला होता. तो कापून नवा टाकला. दुसऱ्या रात्री काटा जागचा हलला नाही. भिंत बुजवण्याआधी प्रत्येक पाइपचा टेप धरून फोटो काढला आहे, टेपवरचा आकडा वाचता येईल एवढ्या जवळून.

गीझरवरून आठवलं. जांभ्याच्या भिंतीत प्लग आणि स्क्रू यांच्यावर जड वस्तू टांगू नका. चिरा पोकळीदार असतो, ड्रिल कधी टणक भागात लागतं, कधी थेट भोकात. पंचवीस लिटरचा गीझर म्हणजे नुसतं पाणीच पंचवीस किलो. आम्ही गीझरच्या आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कपाटांच्या जागी एकेक चिरा काढून तिथे काँक्रीटचा ठोकळा भरून घेतला. हे बांधतानाच केलं असतं तर अर्ध्या कष्टात झालं असतं. ज्यांच्या भिंती अजून चढायच्या आहेत त्यांनी ही यादी आजच करावी.

विजेचं काम बहुतेक आटोपलं, त्यात सांगण्यासारखं एवढंच की कातळावर अर्थिंग सहज मिळत नाही. घराजवळच्या खड्ड्यात जमिनीचा रोध मोजला (तो जितका कमी तितकं बरं) तर चौदा ओहम आला. मग माडांच्या बागेत, जिथे माती खोल आहे आणि शिंपण्याचं पाणी मुरतं, तिथे नवा खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ घातलं आणि घरापर्यंत तार आणली. आता चार. मला ते पाचच्या आत हवं होतं. पण हे फेब्रुवारीतलं माप आहे. मे महिन्यात जमीन पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजणार आणि तो आकडा इथे लिहीन.

चौकटींना खालून वाळवी लागू नये म्हणून त्यांचे पाय लादीत पुरले नाहीत, काळ्या दगडाच्या तुकड्यांवर टेकवले आहेत. जुन्या घराचं फणसाचं लाकूड आहे, साठ वर्षांत त्याला काही झालं नव्हतं, तेव्हाही ते दगडावरच होतं.

येत्या शनिवारी न्हाणीघरात लादी सुरू करतोय. पहिली लादी ट्रॅपपाशी, तिथून दाराकडे. जोत्यातून काढलेले ते दोन चिरे पडवीच्या पायरीशी ठेवले आहेत. आई संध्याकाळी त्यांच्यावर बसते, त्यामुळे ते आता तिथेच राहणार असं दिसतंय.