घरबांधणीची नोंद : जोत्यापासून पहिल्या स्लॅबपर्यंत

मागील नोंदीत काम जोत्यापर्यंत आले होते; आता तळमजल्याचे कॉलम उभे राहून पहिला स्लॅब टाकून झाला आहे. कॉलमच्या टप्प्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. जोत्यावर पुन्हा आखणी करताना 9 मीटर आणि 12 मीटर बाजूंच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण 15 मीटर भरतात का ते पाहिले आणि प्रत्येक कॉलमचा साचा काँक्रीट ओतण्यापूर्वी व ओतल्यानंतर लगेच, असा दोन्ही वेळा ओळंब्याने तपासला. दुसरी तपासणी अनेक ठिकाणी टाळली जाते. वास्तविक साचा हलतो तो ओतण्याच्या आणि व्हायब्रेटरच्या धक्क्यानेच, आणि काँक्रीट ओले असेपर्यंतच तो सरळ करता येतो.

जिन्यावरून मात्र घरात बराच काळ वाद चालला. फरशीपासून फरशीपर्यंतची उंची 3 मीटर आहे. मूळ नकाशात ती 18 चढांत विभागलेली होती, म्हणजे प्रत्येक चढ सुमारे 167 मिलिमीटरचा आणि पायरी 270 मिलिमीटर रुंदीची. चढाची दुप्पट आणि पायरीची रुंदी यांची बेरीज 600 ते 640 मिलिमीटरच्या दरम्यान असावी, या जुन्या ठोकताळ्यात हा हिशेब व्यवस्थित बसत होता. आईचे गुडघे मात्र त्या ठोकताळ्यात बसत नव्हते. शेवटी 150 मिलिमीटरचे 20 चढ आणि 300 मिलिमीटरची पायरी असे ठरले. त्यामुळे जिन्याच्या दोन टप्प्यांपैकी प्रत्येकाची लांबी 2.16 मीटरवरून 2.7 मीटर झाली आणि वाढलेला अर्धा मीटर पत्नीने आग्रहाने मागून घेतलेल्या कोठीच्या खोलीतून गेला. मधल्या चौथऱ्याखालची जागा कोठीला जोडून देण्याचे मान्य झाल्यावरच नवा नकाशा कामावर गेला. असे वाद कागदावर कितीही लांबले तरी चालतील, असे माझे मत आहे, कारण ओतलेला जिना पुन्हा उथळ करता येत नाही.

स्लॅब टाकण्याचा दिवस पाहुण्यांना दाखवण्यासारखा असतो, परंतु खरे काम त्याच्या आदल्या दिवशी होते. सळया बांधून झाल्यावर मी आणि अभियंता कागद घेऊन सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबच्या तात्पुरत्या साच्यावर, फिरलो. खालच्या सळयांना साच्यापासून 20 मिलिमीटरचे अंतर ठेवणारे कव्हर ब्लॉक काही ठिकाणी निसटले होते, ते पुन्हा बसवले. विजेच्या नळ्या एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. 125 मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये अशी जुडी म्हणजे त्या जागी काँक्रीटच नसणे, म्हणून त्या सोडवून खालच्या व वरच्या सळयांच्या मधून अंतर ठेवून नेल्या.

सर्वाधिक वेळ बाल्कनीने घेतला. पुढे झुकलेल्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला येत असल्याने मुख्य सळया वर असाव्या लागतात आणि नेमक्या त्यांच्यावरूनच घमेली घेऊन माणसे ये-जा करतात. सळई स्लॅबच्या तळापासून 100 मिलिमीटर उंचीवर असायला हवी असताना ती पायांखाली दबून 75 वर आली, तर बाल्कनीची ताकद जवळजवळ चतुर्थांशाने घटते आणि वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून सळयांखाली जास्तीच्या चेअर (सळई उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे आधार) लावल्या आणि चालण्यासाठी फळ्या टाकल्या. मिस्त्री सुरुवातीला वैतागले, मग त्यांनी स्वतःच फळ्यांवरून न चालणाऱ्यांना हटकायला सुरुवात केली.

ओतताना वाद झाला तो पाण्यावरून. काँक्रीट सैल असले की पसरायला सोपे जाते, त्यामुळे मिक्सरजवळचा हात सतत बादलीकडे वळत होता. 50 किलो सिमेंटला 25 लिटर पाणी हे आमचे प्रमाण होते आणि वाळू ओली असल्याने तिच्यातले पाणी वजा करणे आवश्यक होते. जादा पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही. ते नंतर उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. मोजून भरलेले डबे मिक्सरशेजारी मांडून ठेवल्यावर बादलीचा विषय संपला.

दुपारी वारा सुटला आणि संध्याकाळी पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. त्या रात्री घरात कोणाला नीट झोप लागली नाही. अभियंत्याने पाहून सांगितले की, वाऱ्याने वरचे पाणी काँक्रीट घट्ट होण्याआधीच उडाल्यामुळे या भेगा पडल्या असून त्या उथळ आहेत. सळयांपर्यंत गेलेल्या नाहीत. सिमेंटच्या पातळ घोळाने त्या भरल्या आणि तेव्हापासून ओल्या गोणपाटाखालील स्लॅब, नंतर वाळूची आळी करून साठवलेले पाणी, असे क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याचे काम, सुरू आहे. सातव्या दिवशी काँक्रीटला त्याच्या 28 दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पण ती पुढे वाढायची तर ओल टिकायला हवी. येणारे नातेवाईक काम थांबल्याबद्दल हळहळ व्यक्त करतात आणि मी त्यांच्या हाती पाण्याची नळी देतो.

बाल्कनीचे टेकू सर्वांत शेवटी, मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे येत काढायचे ठरले आहे. दरम्यान न्हाणीघराच्या खोलगट भागात जलरोधक थर देऊन तिथे 48 तास पाणी साठवून गळती पाहायची आहे. ही चाचणी तो खोलगट भाग भरून घेण्यापूर्वीच व्हायला हवी, आणि त्याआधी सांडपाण्याच्या नळ्या स्लॅबमधून पार जाऊन त्यांच्या कडा बंद झालेल्या असायला हव्यात. मात्र नळकाम करणारे कारागीर येतो म्हणून सांगून अद्याप आलेले नाहीत, त्यामुळे पुढची नोंद त्यांच्यावर अवलंबून आहे.