नववी 'ब' आणि मिसिसिपीवरचा तराफा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला तेव्हा कशावर लिहायचं ह्याचा मला फार विचार करावा लागला नाही. स्नेहसंमेलनं, सहली, कबड्डीचे सामने ह्यांवर माझ्या बरोबरीचे लिहितीलच. मला एका पुस्तकावर लिहायचं आहे. ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं, परीक्षेत त्यावर अर्धा गुणही नव्हता. आमच्या इंग्रजीच्या सरांनी ते ऑफ तासांना, कधी पावसामुळे मैदानाचा तास बुडाला की तेव्हा, वाचता वाचता मराठीत सांगून पुरं केलं. आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकणारी मुलं. त्यातली अमेरिकेच्या मिसूरी राज्यातली बोली आम्हाला स्वतः वाचून एक ओळ कळली नसती. मार्क ट्वेनची ती कादंबरी, 'ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन', मला शाळेने दिलेली सगळ्यात मोठी ठेव आहे असं मी आज, आयुष्यभर पुस्तकांच्या कपाटांमध्ये नोकरी केल्यावर, पूर्ण जबाबदारीने म्हणते.

निमित्त झालं हॅलेच्या धूमकेतूचं. १९८५-८६ चं वर्ष, मी नववी 'ब' मध्ये. वर्तमानपत्रांत धूमकेतूशिवाय दुसरा विषय नव्हता. सर म्हणाले, ह्या धूमकेतूबरोबर आलेला आणि ह्याच्याबरोबरच गेलेला एक लेखक आहे. जन्म १८३५, मृत्यू १९१०, दोन्ही खेपेला हॅले आकाशात. शिवाय त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक अमेरिकेत निघालं १८८५ साली, म्हणजे त्याला नुकतीच शंभर वर्षं झालेली. एवढं सांगून सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर वरपासून खालपर्यंत एक वळणावळणाची रेघ ओढली.

ती मिसिसिपी नदी. डावीकडे मिसूरी, तिथे गुलामगिरी कायदेशीर. उजवीकडे इलिनॉय, तिथे नाही. खाली उजवीकडून येऊन मिळणारी ओहायो नदी, संगमावर कैरो नावाचं गाव. त्याच्या खाली पार न्यू ऑर्लिन्सपर्यंत पुन्हा गुलामगिरीचाच मुलूख. हा नकाशा फळ्याच्या कोपऱ्यात कित्येक दिवस होता. गणिताच्या बाईसुद्धा तो पुसायच्या नाहीत, त्याला वळसा घालून उदाहरणं सोडवायच्या.

गोष्ट थोडक्यात सांगायची तर अशी. हक हा आमच्याच वयाचा, तेरा-चौदा वर्षांचा पोरगा. बाप दारुडा आणि मारकुटा. त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी हक स्वतःचा खून झाल्याचा देखावा उभा करतो आणि नदीतल्या बेटावर जाऊन लपतो. तिथे त्याला जिम भेटतो, मिस वॉटसन बाईंचा गुलाम. एक व्यापारी त्याचे आठशे डॉलर द्यायला तयार आहे आणि बाई आपल्याला खाली न्यू ऑर्लिन्सला विकणार, हे कानावर आल्यामुळे जिम पळालेला. मग दोघं एका तराफ्यावरून रात्री प्रवास करतात आणि दिवसा लपतात. कैरोला पोचायचं, तिथून बोटीने ओहायोतून वर, गुलामगिरी नसलेल्या राज्यांकडे जायचं, म्हणजे जिम सुटला.

आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "सर, समोरच इलिनॉय आहे ना? मग सरळ पलीकडेच का नाही गेले?" सर म्हणाले, पलीकडे गुलामगिरी नव्हती, पण पळून आलेल्याला धरून परत देणारे आणि त्याचं बक्षीस खाणारे होतेच. दुसऱ्या एकीने विचारलं, ह्याच मिस वॉटसन बाई हकला रोज प्रार्थना कर म्हणायच्या ना? पुस्तकात आहे ते. रात्री घरातल्या गुलामांनाही आत बोलावून प्रार्थना व्हायची. त्याच बाई विकायला निघाल्या? "त्याच," सर म्हणाले, आणि पुढे वाचू लागले. देवाचं करणारं घर आणि त्याच घराच्या दाराबाहेर उभा ठेवलेला माणूस, हे समजण्यासाठी आमच्या वर्गात कोणाला अमेरिकेला जायची गरज नव्हती.

धुक्याचं प्रकरण मला आजही जवळजवळ पाठ आहे. रात्री दाट धुकं पडतं, हक होडीत आणि जिम तराफ्यावर असे दोघं वेगळे होतात, रात्रभर एकमेकांना हाका मारत राहतात. हक परत येतो तेव्हा जिम दमून झोपलेला असतो. हकला गंमत सुचते. तो म्हणतो, धुकं कसलं? मी तर इथेच होतो, तुला स्वप्न पडलं. जिम बिचारा विश्वास ठेवतो, स्वप्नाचा अर्थसुद्धा लावतो. मग त्याचं लक्ष तराफ्यावरच्या पाल्यापाचोळ्याकडे आणि मोडलेल्या वल्ह्याकडे जातं. तो हकला सांगतो की तू हरवलास म्हणून माझं काळीज फाटलं होतं, तू परत दिसलास तेव्हा तुझे पाय धरावेसे वाटले. आणि तू मात्र मला मूर्ख कसं बनवायचं ह्याचा विचार करत होतास. मित्राच्या डोक्यावर घाण टाकून त्याला खाली मान घालायला लावतो तो माणूस कचराच. एवढं बोलून जिम तराफ्यावरच्या खोपटात निघून जातो. एका गुलामापुढे जाऊन नमतं घ्यायला हकला पंधरा मिनिटं लागतात. पण तो जातो, आणि त्याचा आपल्याला कधीच पस्तावा झाला नाही असं सांगतो. ह्या ठिकाणी सरांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

त्याच धुक्यात कैरो मागे पडलेलं असतं. किनाऱ्यालगत ओहायोचं स्वच्छ पाणी आणि बाहेरच्या अंगाला मिसिसिपीचं गढूळ पाणी दिसतं, तेव्हा दोघांना ते उमगतं. नदी खालीच वाहणार. म्हणजे इथून पुढे पळून चाललेला माणूस दर रात्री गुलामगिरीच्या आणखी आत जातो आहे. सरांनी उठून नकाशावर कैरोच्या खाली एक फुली मारली. कादंबरीच्या रचनेबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं, पण त्या फुलीने जे कळलं ते दुसऱ्या कशाने कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. कैरो जवळ आलं अशा समजुतीत जिम बोलत असतो की सुटल्यावर पैसे साठवून आधी बायकोला विकत घेईन, मग दोघं मिळून दोन मुलांना सोडवू, आणि मालक विकायला तयार नसला तर कोणाकडून तरी मुलं चोरून आणू. हे ऐकून हकच्या अंगावर काटा येतो. त्याला वाटतं, ज्याने आपलं कधी काही वाकडं केलं नाही अशा माणसाची मालमत्ता हा चोरायला निघाला! स्वतःची मुलं! आम्ही सगळे चिडलो होतो हकवर. सर म्हणाले, चिडू नका, त्याला लहानपणापासून हेच शिकवलंय. चर्चमध्ये हेच, घरात हेच, कायद्यात हेच. तो जिमला पकडून द्यायला होडी घेऊन निघतो. मागून जिम ओरडून सांगतो की तू माझा सगळ्यात चांगला मित्र आहेस, आता एकुलता एक. पुढे बंदुका घेतलेले दोन माणसं भेटतात, तुझ्या तराफ्यावर कोण आहे, गोरा की काळा, असं विचारतात. आणि हक सांगतो, गोरा आहे. वर असं काही बोलतो की तराफ्यावर देवीचा रोगी आहे असा त्यांचा समज व्हावा. ते घाबरून लांबूनच फळकुटावर वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी ठेवून त्याच्याकडे ढकलतात आणि निघून जातात.

नंतर एकतिसाव्या प्रकरणात कसोटी येते. वाटेत भेटलेल्या दोन भामट्यांपैकी एकजण जिमला चाळीस डॉलरला विकून टाकतो. हक ठरवतो की मिस वॉटसनना पत्र लिहून कळवावं. पत्र लिहून झाल्यावर त्याला पाप धुऊन निघाल्यासारखं हलकं वाटतं. पण पत्र बाजूला ठेवून तो विचार करत बसतो, आणि त्याला जिम आठवतो. मला झोप मिळावी म्हणून आपला पहारा संपल्यावर माझाही पहारा करणारा जिम, धुक्यातून परत आलो तेव्हा हरखलेला जिम. तो पत्र हातात घेतो. हात थरथरतो. मग स्वतःशी म्हणतो, ठीक आहे, मग मी नरकात जाईन, आणि पत्र फाडून टाकतो.

वर्गात टाळ्या पडल्या. एकजण म्हणाला, "हकला कळलं, गुलामगिरी वाईट असते." सर म्हणाले, "कुठे कळलं? ओळ दाखव." आम्ही शोधायला लागलो. सरांनी ते पान पुन्हा सांगितलं, पुन्हा शोधलं. अशी ओळ नाही. शेवटपर्यंत हकची समजूत हीच की मी केलं ते पाप आहे, त्याची शिक्षा नरक आहे, आणि ती मला मिळणार आहे. कोणी पाठ थोपटणार नाही, देवसुद्धा नाही, अशी त्याची खात्री असते आणि तरी तो मित्राला सोडत नाही. चांगलं काय हे माहीत असून तसं वागणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही पाठ्यपुस्तकात पुष्कळ वाचल्या होत्या. ही गोष्ट त्यांच्यातली नव्हती. ट्वेनने स्वतःच नोंद करून ठेवली आहे की ह्या पुस्तकात निकोप मन आणि विकृत सदसद्विवेकबुद्धी ह्यांची टक्कर होते आणि त्यात ती सदसद्विवेकबुद्धी हरते. ते मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. सरांनी ते नववीतल्या पोरांकडून ओळ शोधायला लावून शिकवलं होतं.

पुढे मी ग्रंथपाल झाले. कॉलेजच्या ग्रंथालयात एकदा जुन्या पुस्तकांची पडताळणी करताना ट्वेनचं १८९७ चं प्रवासवर्णन हाताशी आलं. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईत उतरला होता. हॉटेलातल्या त्याच्या खोलीत एक नोकर गुडघ्यांवर बसून बाल्कनीच्या दाराचं काहीतरी काम करत होता. बरोबरच्या धिप्पाड जर्मन माणसाला ते पसंत पडलं नाही. चूक काय ते सांगण्याआधीच त्याने नोकराच्या तोंडात मारली. नोकर मुकाट राहिला. ट्वेन लिहितो की असं पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि एका क्षणात तो मिसूरीतल्या बालपणात जाऊन पोचला. त्या वेळी गुलामांना असं मारणं त्याला योग्य आणि स्वाभाविक वाटायचं, कारण दुसरी रीत त्याने पाहिलीच नव्हती. पण मार खाणाऱ्याबद्दल वाईट आणि मारणाऱ्याबद्दल लाज वाटायची, हेही त्याला आठवलं. मी कपाटाशी उभी राहून ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. हा तर हक! योग्य आहे असं वाटतंय आणि लाजही वाटतेय. सर तेव्हा निवृत्त झाले होते. मी त्यांना अख्खा उतारा हाताने लिहून पाठवला. उलट टपाली कार्ड आलं: "मुंबईत! आणि मला हे ठाऊक नव्हतं! मुलांना सांगितलं असतं."

पुस्तक निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. शेवटची दहाएक प्रकरणं मला खटकतात. हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि जिमची सुटका हा खेळ होऊन बसतो. दोरीची शिडी, कोठडीत साप, उंदीर. मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वी वारल्या आणि मृत्युपत्रात जिमला मुक्त करून गेल्या, हे टॉमला पहिल्यापासून माहीत असतं. एका माणसाचं आयुष्य त्याने मौजेखातर टांगून ठेवलं, आणि नंतर त्याबद्दल चाळीस डॉलर हातावर ठेवले. जिमचं हसं केल्याबद्दल आणि पुस्तकात जागोजागी येणाऱ्या अपमानास्पद शब्दाबद्दल तिकडच्या कृष्णवर्णीय पालकांनी तक्रारी केल्या, त्या मला रास्त वाटतात. १८८५ साली अमेरिकेतल्या काँकर्ड गावच्या ग्रंथालय समितीने हे पुस्तक काढून टाकलं ते मात्र भाषा गावंढळ आणि संस्कार वाईट म्हणून. गुलामगिरीचा त्यात प्रश्नच नव्हता. माझ्या व्यवसायातल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं असं मला फार वाटतं.

पुस्तक संपलं त्या दिवशी सरांनी विचारलं, "सगळ्यात अवघड निर्णय कोणाचा?" सगळ्या वर्गाने हकचं नाव घेतलं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण, जी एरवी वर्गात कधी बोलायची नाही, उभी राहिली आणि म्हणाली, "जिमचा." सुटून पळताना टॉमच्या पायाला गोळी लागते. जिम मोकळा झालेला असतो, होडी तयार असते, पुढे जायचं तेवढं बाकी. तो म्हणतो, डॉक्टर आल्याशिवाय मी इथून हलणार नाही. डॉक्टर येतात, जिम त्यांना मदत करतो, आणि पुन्हा साखळीत पडतो. ती म्हणाली, "हकला मेल्यावर नरक आहे, सर. जिमला उद्या सकाळीच आहे. आणि टॉम तर त्याचा मित्रपण नाही धड." तिला जिमच्या मुलीचीही आठवण होती. चार वर्षांची एलिझाबेथ, तापातून उठलेली. दार लाव म्हटलं तरी ऐकत नाही म्हणून जिम तिला मारतो, आणि वाऱ्याने दार तिच्यामागे धाडकन आपटलं तरी ती हलत नाही, तेव्हा त्याला कळतं की लेकरू बहिरं झालं आहे. ते आठवून तो अजून रडतो. "असा माणूस पोराला तसं टाकून जाणारच नाही," ती म्हणाली. सर म्हणाले, "बरोबर. मी इतकी वर्षं वाचतोय, हे मी असं मांडलं नव्हतं." एका शिक्षकाने भर वर्गात हे म्हणावं! ती मैत्रीण आज जिल्हा न्यायालयात वकिली करते. आमचं अजूनही ह्यावर बोलणं होतं, आणि मी अजूनही हकच्या बाजूने भांडते.

महोत्सवानिमित्त शाळेच्या ग्रंथालयाला मी ह्या कादंबरीच्या प्रती पाठवते आहे. सोबत पर्सिव्हल एव्हरेटची 'जेम्स' आहे. २०२४ साली आलेल्या त्या कादंबरीत हीच गोष्ट जिम स्वतः सांगतो. शिक्षकांना एकच विनंती. पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका, ऑफ तासाला वर्गात न्या. पहिल्या पानापासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. धुक्याच्या प्रकरणापासून करा, मुलांनी "आधी काय झालं होतं?" विचारलं की मग मागे जा. आणि फळ्यावर नदी काढायला विसरू नका.