ओझर-वाघाडच्या पाणी वापर संस्था बघून आलो, जाणार असाल तर वाचा

आमची जमीन नगर जिल्ह्यात, कालव्याच्या पार टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म दरवर्षी भरायचा, आवर्तन (कालव्याला पाळीनं सोडलेलं पाणी) सुटलं की रात्र रात्र चारीवर, म्हणजे कालव्यातून शेताकडं येणाऱ्या पाटावर बसायचं आणि पाणी वरच्या वरच जिरून जायचं. म्हणून आम्ही चारीवरचे पाच जण गाडी करून नाशिकजवळच्या ओझरला जाऊन आलो.

ओझरचं दुखणंही हेच होतं. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, ओझर टेलला, कागदावर लाभक्षेत्र पण पाणी पोचायचंच नाही. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास शेतकरी एकत्र करून तिथं तीन पाणी वापर संस्था (शेतकऱ्यांनीच मिळून पाणी घ्यायचं, मोजायचं आणि वाटायचं) उभ्या केल्या, पुढं तर सगळ्या प्रकल्पावर संस्था झाल्या. आपला सिंचन व्यवस्थापनाचा कायदा २००५ चा, यांनी त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केलेली.

मला सगळ्यात आवडलं ते चारीच्या तोंडाशी. सिमेंटचा अरुंद गळा, भिंतीवर रंगवलेली आकड्यांची पट्टी, संस्थेचा माणूस वाकून आकडा वाचतो, वहीत टाइम टाकतो आणि तक्त्यात बघून क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) लिहितो, बस एवढंच. पण १ क्युसेक पाणी २४ तास चाललं तर साधारण २,४४७ घनमीटर होतं, म्हणजे एका एकरात दोन फूट उभं पाणी! हे मोजलंच नाही तर कोणी किती नेलं यावर भांडणार तरी कसं? तिथं घनमीटरवर पाणीपट्टी, त्यामुळं जास्त उपसलं की खिशाला कळतं. आपल्याकडं हेक्टरवर आकारणी, मग रान तुंबेपर्यंत भरलं तरी पैसे तेवढेच.

दुसरं म्हणजे विहिरी. नाल्यांवर बंधारे घातलेत, पाणी त्यात अडवून जिरवायचं, विहिरींना पाझर लागतो आणि द्राक्षाचं ठिबक त्यावर चालतं. आवर्तनाची वाट बघत बसावं लागत नाही. मी तर म्हणेन नुसत्या कालव्याच्या भरवशावर ठिबक करूच नका, आधी साठवणीचं बघा.

आता जायचं कसं. ओझर मुंबई-आग्रा हायवेवरच आहे, नाशिकहून २० किमीच्या आसपास, एसटीनं पण होतं. धरण बघायचं तर दिंडोरीकडं स्वतःची गाडी न्या. आवर्तन चालू असतानाच जा, कोरडी चारी बघून काही समजत नाही. आधी फोन करा, द्राक्ष काढणीत लोकांना वेळ नसतो. आणि टेलकडून बघायला लागा, धरणाचे फोटो नंतर काढा. सोबत आपल्या चारीचा नकाशा, हेक्टर, विहिरींचा आकडा असू द्या, तरच सल्ला कामाचा मिळतो. हिशोबाची वही मागून बघा, थकबाकी कशी वसूल करतात ते तर नक्की विचारा, आम्ही तिथंच तासभर अडकलो होतो.

परत आल्यावर आमच्या चारीचं तोंड बघितलं, मोजायचा गळा आहे, पण गाळात गुडघाभर बुजलेला. रविवारी फावडी घेऊन जमतोय.