चावीची वाकी: पंख हलायला लागले

मागच्या नोंदीत वाकीचा पत्रा कापून झाला होता आणि वर कुठली चाकं मांडायची याचा घोळ चालला होता. तो बेत मी पूर्ण सोडला. आता वाकीच्या मधोमध एक चतुर, म्हणजे तो पातळ पंखांचा कीटक, बसणार आहे. खटका दाबला की त्याचे पंख थरथरतील, आणि त्याला जोर मिळेल अलार्मच्या घड्याळाच्या कमानीतून, म्हणजे चावी देऊन गुंडाळायच्या स्प्रिंगमधून.

बेत बदलायला कारण आहे. स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काळाचा साज, म्हणून जे काही बघायला मिळतं त्यातलं निम्मं म्हणजे टोपीवर ॲराल्डाइटने डकवलेली चाकं. एक चाक दुसऱ्याला टेकलेलंसुद्धा नसतं. के. डब्ल्यू. जेटरने १९८७ मध्ये 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द पहिल्यांदा वापरला, तो कथांच्या एका प्रकाराला चेष्टेत दिलेलं नाव म्हणून. पुढे वस्तू बनवणाऱ्यांनी तो उचलला आणि २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या विज्ञान इतिहासाच्या संग्रहालयात प्रदर्शनही भरलं. तिथल्या मंडळींना व्हिक्टोरियन टॉप हॅट आणि गॉगल शोभतात, त्यांचे पणजोबा ते घालत होते. माझ्या पणजीच्या दंडात वाकी होती आणि न्हाणीघरात तांब्याचा बंब. वाफ, चिमणी, पितळी तोटी, सगळं घरातच होतं की! म्हणून दागिना वाकीचा, आणि त्यावर असलेल्या प्रत्येक चाकाला काहीतरी काम हवं, एवढं ठरवून टाकलं.

मशीन आणलं जुन्या बाजारातून. पुण्याबाहेरच्यांसाठी: हा बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. अलार्मचं घड्याळ आमच्या कामाला फार सोयीचं. त्यात दोन कमानी असतात, एक वेळेची, एक अलार्मची, आणि दोन्हींच्या चाकांची रांग वेगळी. अलार्मची रांग अगदी आखूड: कमानीचं मोठं चाक, मग तिरप्या दात्यांचं सुटकेचं चाक, आणि त्यावर डावी-उजवीकडे हिसके खाणारा हातोडीचा दांडा. संपलं. वेळेची बाजू मी काढून डबीत ठेवली आणि प्लेटी मधून करवतीने कापल्या. खांब मात्र शाबूत ठेवले, नाहीतर दोन प्लेटींमधलं अंतर हलतं आणि धुरे अडकतात.

मनगटी घड्याळाच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. चालू शकेल असं मशीन मोडायचं नाही, आणि एचएमटी तर नाहीच. १९६१ मध्ये सुरू झालेले त्या घड्याळांचे कारखाने २०१६ पर्यंत बंद झाले. आता 'जनता' किंवा 'पायलट' दुरुस्त करायला घड्याळजींना भाग लागतात ते जुन्या मशीनमधूनच. आपण त्याचं ब्रोच केलं की कुणाचं तरी वडिलांचं घड्याळ बंद राहतं. गंजून एकजीव झालेलं, धुरे तुटलेलं मशीन मिळालं तर खुशाल घ्या.

नव्यांसाठी एक गोष्ट, आणि इथे घाई नको. स्क्रू सोडवण्याआधी कमान उतरवा. अलार्मच्या घड्याळात ती बहुधा डबीत नसते, उघडीच असते आणि तिचं टोक एका खांबाला अडकवलेलं असतं. चावी घट्ट धरायची, चावीला उलटं फिरू न देणारी अडणी किंचित उचलायची, चावी अर्धा फेरा बोटांतून सरकू द्यायची, अडणी परत बसवायची. असं करत पूर्ण सैल होईपर्यंत. मग तारेने गुंडाळून बांधायची. भरलेली कमान प्लेट उचलताच सुटली तर दाते तुटतातच, बोटंही फाटतात. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि या एका कामासाठी गॉगल घालायला माझी हरकत नाही.

आता पंखांकडे येते, कारण सगळी मजा इथे आहे.

हातोडीचं डोकं कापून टाकलं आणि नुसता दांडा ठेवला तर मशीन पिसाटतं. कर्र करून काही सेकंदांत कमान रिकामी. हातोडीचं वजन घंटी वाजवायला असतं असं आपल्याला वाटतं, पण या रांगेचा वेगही तेच आवरतं. इथे दुसरं काही नियंत्रण नाहीच. म्हणजे हातोडीच्या जागी पंख बसवला तर वेग पंखच ठरवणार. ३६ गेजच्या पत्र्याचा पंख लावला तर तो झोपाळल्यासारखा हलला. ०.१ मिमीच्या पितळी शिमचा, म्हणजे कागदासारख्या पातळ पत्र्याचा, लावला तर नुसती धूसर रेघ दिसली, पंख दिसेना. मधलं काहीतरी हवं होतं आणि बाजारात मधली जाडी मिळेना.

उत्तर चतुराकडेच सापडलं. खऱ्या चतुराच्या पंखाच्या पुढच्या कडेला, टोकाजवळ, एक गडद ठिपका असतो. तो बाकीच्या पंखापेक्षा जड असतो आणि तरंगताना पंखाची फडफड आवरतो. माझ्या पंखालाही तीच जागा बरोबर लागू पडते. फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा आसापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे टोकावरचं चिमूटभर वजन मुळाशी ठेवलेल्या ढेकळापेक्षा जास्त काम करतं. शिमचा पंख घेतला, ठिपक्याच्या जागी कथलाच्या डागाचा एक थेंब टाकला. वेग उतरला. थोडा कानशीने घासला, वेग किंचित चढला. असं करत करत पंख दिसेल पण मोजता येणार नाही, अशा वेगाला आणून ठेवला आहे. ठिपका शेवटी काळा करणार आहे, म्हणजे बघणाऱ्याला ती फक्त नक्षी वाटेल.

पुढचा प्रश्न दोन बाजूंचा. हातोडीचा आस एकच. डावे-उजवे पंख त्याच आसावर लावले तर एक बाजू पुढे जाते तेव्हा दुसरी मागे, आणि चतुर उडण्याऐवजी वल्ही मारल्यासारखा दिसतो. दोन्ही बाजू एकदम पुढे, एकदम मागे यायला हव्यात. त्यासाठी दुसरा आस घातला आणि दोन्हींवर सारख्या दात्यांची चाकं एकमेकांत गुंतवली. एक फिरलं की दुसरं उलट फिरतं. हिसका लहान असल्यामुळे पूर्ण चाक लागतच नाही, पाचर कापून तेवढे दाते ठेवले. वजन वाचलं.

जुनी चाकं जुळवताना नुसती नजर पुरत नाही. घड्याळाच्या चाकासाठी दात्यांच्या संख्येत २.७६ मिळवायचे आणि त्या बेरजेने बाहेरच्या व्यासाला भागायचं, की मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या आकाराचं माप, निघतो. माझं चाक ६० दात्यांचं, व्यास २५.१ मिमी, म्हणजे मॉड्यूल ०.४. जोडीदारही ०.४ चाच हवा. शिवाय घड्याळाचे दाते मोटरच्या गिअरसारखे नसतात. मोठ्या चाकाने छोट्या पिनियनला, म्हणजे मोजक्या दात्यांच्या चाकाला, ढकलावं अशा बेताने त्यांचा आकार असतो, आणि चाकाला चाक जोडलं की ती जोडी जरा कुरकुरते. सतत फिरायचं असतं तर मी हे केलं नसतं. इथे थोडासाच झुलायचं आहे, त्यामुळे थोडी ढिलाई ठेवून चालून जातं. दोन आसांमधलं अंतर ठरवायला खाच पाडलेल्या पट्टीवर एक आस सरकता ठेवला, बोटाने झुलवत झुलवत जिथे अडखळणं थांबलं तिथे खूण केली आणि मगच प्लेटीला भोक पाडलं.

आता खालचा पट्टा. तो २४ गेजच्या पितळेचा आहे, म्हणजे जाडी साधारण ०.५६ मिमी. पितळ घनसेंटिमीटरला साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, तेव्हा शंभर चौरस सेंटिमीटरला ४८ ग्रॅम. तोच पत्रा २० गेजचा घेतला असता तर ७८. दंडावर हा फरक तासाभरात कळतो. पातळ पत्र्याला ताठपणा आणायला मठारकाम केलं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत एका काकांनी हात कसा धरायचा ते दाखवलं. "पोरी, ठोकू नकोस, हातोडीला पडू दे," एवढंच म्हणाले आणि परत त्यांच्या हंड्याकडे वळले. गोल तोंडाच्या चकचकीत हातोडीने शेजारी शेजारी ठसे उमटवत गेलं की धातू घट्ट होतो आणि प्रत्येक ठशात उजेड वेगळा पडतो. एवढं करूनही माझ्या रांगा त्यांच्यासारख्या सरळ नाहीत. हरकत नाही, वर चतुर बसणार आहे.

मशीनच्या प्लेटी मात्र वाकवायच्या नाहीत. घड्याळाच्या पितळेत बहुधा थोडं शिसं घातलेलं असतं, कापायला आणि भोकं पाडायला सोपं जावं म्हणून. असं पितळ वाकवलं की चरे जातात. म्हणून पट्टा गोलाईचा आणि त्यावर तीन ठोकळ्यांवर उभी सपाट प्लेट, अशी रचना आहे.

रंगाच्या बाबतीत मला जुनाट निळसर-तपकिरी छटा हवी होती. ती अमोनियाच्या वाफेवर येते. झाकणाच्या डब्यात तळाला लिकर अमोनिया, वर जाळीवर भाग, भागावर मीठ भुरभुरलेलं. पण मठारलेलं पितळ आणि अमोनिया यांचं वैर आहे, आणि त्याची गोष्ट आपल्याच मातीतली आहे. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती तबेल्यांजवळ साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पत्रा ओढून काडतूस घडवताना धातूत राहून गेलेला ताण, या दोन्हींनी मिळून ते होत होतं, हे १९२१ मध्ये नीट उलगडलं. ठोकून घट्ट केलेल्या माझ्या पट्ट्यात नेमका तोच ताण भरलेला. लाल करून ताव दिला तर ताण जातो, पण मठारून आणलेला ताठपणाही जातो. सुदैवाने मधली पायरी आहे. २५० अंशांच्या आसपास तासभर ठेवलं तर आतला ताण बराच उतरतो आणि घट्टपणा टिकतो. घरचा ओटीजी ओव्हन बरोबर २५० पर्यंत जातो. पट्टा आधी भाजला, मगच डब्यात ठेवला. डबा गॅलरीत, घरात नाही. मशीनचे भाग वाफेला अजिबात दाखवले नाहीत, ते चिंच आणि मग पॉलिश यावरच भागवले.

स्क्रू निळे केले. पितळेचा कीस लोखंडी पळीत पसरायचा, त्यात स्क्रू डोक्यापर्यंत रोवायचे, खालून मंद आच. पोलाद आधी गवती पिवळं होतं, मग तपकिरी, जांभळं, आणि २९५ अंशांच्या जवळपास निळं. निळं दिसताक्षणी उचलायचं, पुढे ते राखी पडतं. डोकं आधी आरशासारखं घासलेलं नसेल तर रंग मळकट येतो.

आतून कोल्हापुरीचं कातडं लावते आहे. ते बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, ताठ असतं, घामाला टिकतं. पण या कमावणीचं कातडं पितळेला थेट लागलं की काही महिन्यांत रिव्हेटभोवती हिरवा चिकट मळ धरतो. म्हणून मध्ये मेणाचा थर आणि रिव्हेटखाली पातळ वायसर. वायसर मिळाले बोहरी आळीत. 

राहिलंय काय: चावीचं तोंड दंडाच्या आतल्या बाजूला वळवायचं, म्हणजे दुसऱ्या हाताने भरता येईल. खटक्याला कुलूप करायचं, नाहीतर रिक्षात बसताना आपोआप सुटेल. आवाज अजून कर्कश आहे, प्लेटीखाली कातड्याचा तुकडा देऊन बघते. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पदर. शिमच्या कडा सुरीसारख्या आहेत, एकदा पदर त्यात गेला की पंखही गेले आणि पैठणीही. सध्या पंखांभोवती पितळी तारेची कमानदार जाळी आखते आहे, पण तिच्यामुळे चतुर पिंजऱ्यात बसल्यासारखा दिसतो. कडा दुमडून वजन न वाढवता हे जमवायची कुणाकडे युक्ती असेल तर सांगा, तोवर मी जाळीच्या तारा कापत नाही.