एका इम्पोर्टने सुटलेले मेसेज

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका पतपेढीचं कर्जखात्याचं काम मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत सांभाळते. मार्चअखेरची गडबड होती. नव्या अहवालासाठी व्याज मोजणारं फंक्शन, म्हणजे नावाने बोलवायचा कोडचा तुकडा, हवं होतं. ते जुन्या फाईलमध्ये तयार होतं, म्हणून शेल, म्हणजे पायथनच्या ओळी टाइप करून लगेच चालवायची खिडकी, उघडून तेवढं एकच इम्पोर्ट केलं, म्हणजे त्या फाईलमधून मागवून घेतलं.

थोड्याच वेळात शेजारच्या टेबलावरून हिशेबनीस काकांनी विचारलं, "अगं, हप्ता थकल्याचे मेसेज कोणी सोडले? फोनवर फोन येतायत."

मी तर काहीच सोडलं नव्हतं. शंका नको म्हणून मेसेज पाठवणारी सेवा आधी बंद केली आणि त्याच शेलमध्ये तीच ओळ पुन्हा चालवली. पाठवण्याचा साधा प्रयत्नही दिसला नाही. त्यामुळे इम्पोर्टवरचा संशय फिटला आणि तासभर मी भलतीकडेच शोधत बसले.

तेवढ्यात एक आजोबा कापडी पिशवीतून पासबुक काढत आत आले. "मी हप्ता कधी चुकवला, दाखवा मला." त्यांचा आवाज थरथरत होता. पैसे त्यांनी वेळेवर भरले होते. काकांनी त्यांना खुर्ची दिली, मी माफी मागितली. पण त्या पासबुकाकडे बघवत नव्हतं.

मग जुनी फाईल अगदी तळापर्यंत वाचली. नाव एकाच फंक्शनचं घेतलं तरी पहिल्या इम्पोर्टला पायथन अख्खी फाईल चालवतो. फंक्शनच्या पोटातला कोड ते फंक्शन बोलावेपर्यंत थांबतो; बाहेर मोकळ्या पडलेल्या ओळी मात्र लगेच चालतात. तळाशी तशाच चार ओळी होत्या: यादी उघडायची, प्रत्येकाला मेसेज धाडायचा. आणि यादी फेब्रुवारीची! दुसऱ्या वेळी सगळं शांत राहिलं, कारण एकदा चाललेलं मॉड्यूल, म्हणजे अशी इम्पोर्ट केलेली फाईल, पायथनच्या सिस.मॉड्यूल्स नावाच्या नोंदीत ठेवलेलं असतं. त्याच सत्रात पुन्हा मागितलं की पायथन ते तसंच हाती देतो. मला चकवलं ते यानेच.

त्या ओळी दोन वर्षांपूर्वी मीच लिहिल्या होत्या.

संध्याकाळी व्याजाचं मॉड्यूल वेगळं केलं, मेसेजचं वेगळं. पाठवण्याच्या ओळी मेन नावाच्या फंक्शनमध्ये घातल्या आणि फाईल थेट चालवली, म्हणजे पायथनने तिला दिलेलं नाव, __नेम__, '__मेन__' असलं, तरच ते बोलवायचं, अशी अट तळाशी लिहिली. काका घरी जायचे थांबले होते. सेवा सुरू करून, नवं शेल उघडून इम्पोर्ट केलं. दोघंही फोनकडे बघत बसलो. तो वाजला नाही.